गाडीतलं आणीबाणीचं किट: काय, किती आणि मुख्य म्हणजे कुठे

पाना_सतरा

गाडीत ठेवायच्या आणीबाणीच्या सामानाच्या याद्या जागोजागी मिळतात. त्यांत बहुतेक वेळा दोन गोष्टींचा विचार नसतो. उन्हात उभी गाडी आतून किती तापते, आणि वेळ आली की ती वस्तू हाताला लागते का.

कडक उन्हात बंद गाडीतली हवा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते, डॅशबोर्डचा पृष्ठभाग ८० च्या वर. डिकी त्या मानाने बरी, पण थंड नव्हे. दुसरं म्हणजे विजेवर उघडणारी डिकी बॅटरी बसली की उघडत नाही. जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची वायर) डिकीत, डिकी बंद, आणि ती उघडायला लागणारी वीज त्या केबलमधूनच यायची. मागची सीट पाडून आतून डिकीत जाता येतं का, झाकणाच्या आतल्या बाजूला हाताने उघडायची खिट्टी आहे का, रिमोटच्या पोटातली साधी किल्ली नक्की कोणत्या दाराला लागते, हे सामान घेण्याआधी बघून घ्या.

म्हणून तीन जागा ठरवायच्या.

पहिली, पट्टा लावलेल्या ड्रायव्हरचा हात पोचेल तिथे. इथे पट्टा कापायचं आणि काच फोडायचं अवजार, आणि एक रिफ्लेक्टिव्ह जाकीट. जाकीट डिकीत ठेवलं तर ते घ्यायलाच वाहत्या रस्त्यावर जाकिटाशिवाय उतरावं लागतं.

दुसरी, सीटखाली किंवा सीटच्या मागच्या खिशात. हेडलॅम्प, प्रथमोपचार, अग्निशामक, प्रत्येक माणसामागे एक जाकीट, पाणी, जंपर केबल, आणि मावला तर मागून येणाऱ्यांना इशारा देणारा त्रिकोण.

तिसरी डिकी. बाकी सगळं १५ ते २० लिटरच्या एका पिशवीत: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, पंक्चर किट, टोचनाचा पट्टा, कामाचे हातमोजे, मल्टिटूल, स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, ३०० मिमीचे दहा नायलॉन टाय, फ्यूज, जॅकखाली घालायला ३० सेंमी चौरस १२ मिमी प्लायवुड, ब्लँकेट, शिट्टी.

ही पिशवी डिकीच्या तळातल्या कड्यांना पट्ट्याने आवळायची. ताशी ५० किमीने जाणारी गाडी धडकून ०.१ सेकंदात थांबली, तर सरासरी मंदन गुरुत्वाच्या साधारण १४ पट होतं. ५ किलोची मोकळी पिशवी तेव्हा ७० किलोच्या जोराने पुढे येते. अग्निशामकालाही घट्ट धरणारा कंस हवाच. सीटखाली नुसता सरकवलेला सिलिंडर ब्रेक लागला की घरंगळत पेडलखाली येतो.

बाकीच्यांनी भर घालावी.

रात्रपाळी

चांगला धागा. काच फोडायच्या अवजाराबद्दल विचारायचं होतं. हातोडी घ्यावी की स्प्रिंगचं? आणि सीटचं हेडरेस्ट उपसून त्याच्या दांड्यांनी काच फुटते म्हणतात, ते कितपत खरं?

निळा_त्रिकोण

@रात्रपाळी, स्प्रिंगचं. हातोडीला हात मागे घ्यायला जागा लागते, आणि पाण्यात बुडालेल्या हाताला वेगच येत नाही. स्प्रिंगचं अवजार काचेवर टेकवून दाबलं की झालं. टोक काचेच्या मधोमध लावू नका, खालच्या कोपऱ्याजवळ लावा. मधे काच लवते आणि जोर शोषून घेते.

पण त्याआधी बाजूच्या काचांच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. टेम्पर्ड असेल तर काच फुटून बारीक खडे होतात. लॅमिनेटेड असेल तर तिच्यात प्लास्टिकचा पडदा असतो. अशी काच तडकते, पण जागेवरच राहते आणि या अवजाराला दाद देत नाही. हल्ली बऱ्याच गाड्यांत आवाज कमी यावा म्हणून पुढच्या दारांच्या काचा लॅमिनेटेड असतात आणि मागच्या टेम्पर्ड. पुढची काच तर नेहमीच लॅमिनेटेड. कोणती काच फोडायची हे घरी उभ्या गाडीत ठरवून त्या दारावर आतून छोटा स्टिकर लावा.

हेडरेस्ट त्या कामासाठी बनवलेलं नसतं. काही गाड्यांत ते उपसतच नाही, आणि उपसलं तरी पाणी चढत असताना तो उद्योग करत बसू नये.

गाडी पाण्यात गेली तर क्रम असा: पट्टे सोडा, काच खाली करा, लहान मुलांना पुढे घालून त्याच खिडकीतून बाहेर पडा. दार उघडायच्या मागे लागू नका. पाणी दाराच्या निम्म्यावर आलं की बाहेरचा दाब हाताच्या जोराला ऐकत नाही, आणि उघडलंच तर पाणी एकदम आत येतं. गाडी साधारण अर्धा ते एक मिनिट तरंगते. खिडकीच्या मोटरी तेवढ्यात बहुधा चालतात, म्हणून काच आधी. अवजाराची पाळी काच अडली तरच.

पट्टा कापताना पातं तिरकं धरा आणि पट्टा दुसऱ्या हाताने ताणा. सैल पट्टा कापला जात नाही, नुसता पात्यात गोळा होतो.

तांब्याची_तार

जंपर केबलवर थोडं सविस्तर लिहितो, कारण यात फसवणूक फार.

जाड दिसणारी केबल म्हणजे जाड वेष्टण, आतली तार जाड असेलच असं नाही. तांब्याचं छेदक्षेत्र बघायचं. हिशेब करा: ३ मीटरची जोडी म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर तार. स्टार्टर २०० अँपिअर ओढतोय असं धरलं, तर १६ चौ. मिमी तांब्यात साधारण १.३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ६ चौ. मिमी असेल तर जवळपास ३.४ व्होल्ट. १२ मधले साडेतीन गेल्यावर स्टार्टर नुसता टिकटिक करतो आणि माणूस बॅटरीला दोष देतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, म्हणजे तीच जाडी असूनही कुचकामी. छोट्या-मध्यम पेट्रोल इंजिनाला १६, डिझेलला २५ चौ. मिमी हा किमान आकडा धरा.

जोडायचा क्रम: लाल चिमटा मेलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, लालचं दुसरं टोक चालू गाडीच्या धनला. मग काळा चालू गाडीच्या ऋणला, आणि काळ्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लागताना ठिणगी उडतेच. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो, ठिणगी त्याच्या जवळ नको. काढताना बरोबर उलटा क्रम. गाडीला अर्थिंगचा वेगळा खांब दिला असेल तर तोच वापरा.

२४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टच्या गाडीला जोडू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीकडून वीज घेण्याआधी तिचं पुस्तक वाचा. त्यांची १२ व्होल्टची छोटी बॅटरी दुसऱ्याचा स्टार्टर फिरवण्यासाठी नसते, आणि अनेक उत्पादक याला मनाई करतात.

चहाटळ

केबल कशाला, खिशाएवढे जंप स्टार्टर मिळतात की! दुसरी गाडी शोधायची गरजच नाही.

तांब्याची_तार

@चहाटळ, मिळतात, पण आत लिथियम सेल असतात. ६० अंशांच्या गाडीत महिनोन्महिने पूर्ण चार्ज करून ठेवलेला लिथियम सेल भराभर म्हातारा होतो, फुगतो, आणि वाईटात वाईट म्हणजे पेटतो. पॉवर बँकचंही तेच. या वस्तू पिशवीत घालून माणसाबरोबर न्याव्यात-आणाव्यात, गाडीत मुक्कामाला ठेवू नयेत.

गाडीतच राहील असं हवं असेल तर सुपरकपॅसिटरचा जंप स्टार्टर बघा. त्यात साठवलेली वीज नसते. बॅटरीत उरलीसुरली जी वीज असेल ती तो काही मिनिटांत गोळा करतो आणि एका दणक्यात देतो. उष्णता आणि थंडी दोन्ही लिथियमपेक्षा चांगली सोसतो. मर्यादा एवढीच की बॅटरी ठार मेली असेल तर त्याला दुसरीकडून चार्ज करावं लागतं. आणि मोठ्या डिझेलला तो पुरेल का, हे खोक्यावरचा अँपिअरचा आकडा सोडून इंजिनाच्या लिटरवरून ठरवा.

फोनसाठी गाडीच्या सॉकेटमध्ये बसणारा चार्जर आणि एक वायर. त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

निवडुंग

उष्णतेचा मुद्दा पुढे नेतो. किटमधल्या निम्म्या वस्तू उन्हाने आतल्या आत खराब होतात आणि बाहेरून दिसत नाही.

पाणी: पातळ प्लास्टिकच्या बाटल्या गाडीत मुरवू नका. चव बिघडते आणि तापून-निवून बुचं सैल होतात. एकेरी भिंतीची स्टीलची बाटली घ्या आणि नव्वद टक्केच भरा. गोठलं तर पाणी साधारण ९ टक्के फुगतं, तेवढी जागा हवी. एका माणसाला दिवसाला ३ लिटर हा कामचलाऊ हिशेब. कॉम्पॅक्ट किटमध्ये तेवढं मावणार नाही, तर माणशी निदान दीड लिटर. दर दोन-तीन महिन्यांनी बदला. कूलंटमध्ये टाकायचं पाणी वेगळ्या बाटलीत, ठळक खूण करून. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, त्यामुळे कूलंटची रिकामी बाटली पिण्याच्या पाण्याला कधीच नाही.

औषधं: बहुतेकांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. म्हणजे गाडी ही औषधांची जागा नव्हे. रोजची औषधं बरोबरच्या पिशवीत. गाडीत ठेवायचं ते उष्णतेला न जुमानणारं: निर्जंतुक गॉझ, ताणाचं प्रेशर बँडेज, त्रिकोणी कापड, बोथट टोकाची मजबूत कात्री, नायट्रिलचे हातमोजे चार जोड. लॅटेक्सचे नकोत, उष्णतेने चिकट होऊन फाटतात. चिकटपट्ट्यांचा गोंद वितळतो, त्या वर्षाला बदलायच्या.

बॅटरी: अल्कलाइन सेल पाझरतात आणि हेडलॅम्पचे पत्रे खातात. एकदाच वापरायचे दीड व्होल्टचे लिथियम सेल (लिथियम-आयर्न डायसल्फाइड) उणे ४० ते ६० अंशांपर्यंत चालतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. तांब्याची_तार यांनी सांगितलेले लिथियम सेल वेगळे, हे वेगळे. सेल दिव्यात न घालता त्याच पाऊचमध्ये बाजूला ठेवा, म्हणजे बटण दाबलं जाऊन उतरणार नाहीत.

गाडीत अजिबात नको: गॅस लायटर, स्प्रेचे डबे (त्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेलीच असते), डब्यात जादा पेट्रोल, मेणबत्त्या. फवाऱ्याने टायर फुगवणारे डबेही त्यातच आले. पेटवायला झाकणबंद डबीत काड्या किंवा फेरो रॉड (घासून ठिणग्या पाडायची कांडी).

खाण्याचं म्हणाल तर तेलकट पदार्थ खवट होतात, चॉकलेटचा लगदा होतो. जीवरक्षक बोटींसाठी बनवलेल्या रेशनच्या वड्या कोरड्या, सीलबंद असतात आणि उष्णता बऱ्यापैकी सोसतात. चव विचारू नका.

धमनी

प्रथमोपचारात टूर्निके राहिला, म्हणजे रक्त थांबवायला हातपाय आवळायचा, दांडीने पीळ द्यायचा पट्टा. हातापायातून रक्ताची धार लागली असेल तर गॉझ नुसतं ठेवून थांबत नाही.

पट्टा निदान ४ सेंमी रुंद हवा. जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत दांडी फिरवायची. दुखतं, आणि दुखणारच. बांधल्याची वेळ त्यावरच लिहायची, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सैल करून बघायचं नाही. नकली माल खूप आहे, त्यातली प्लास्टिकची दांडी पीळ बसताच मोडते. म्हणून एक सरावाला आणि एक न वापरलेला, असे दोन घ्या. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, तेव्हा काचेमागे लटकवून ठेवू नका.

मान, काख, जांघ इथे टूर्निके चालत नाही. तिथे जखमेत गॉझ ठासून भरायचं आणि दोन्ही हातांनी दाबून धरायचं. त्यासाठी लांब पट्टीचं गॉझ लागतं, छोटे चौकोन उपयोगाचे नाहीत.

स्टेपनी

टायरचा भाग माझ्याकडे.

आधी खात्री करा की गाडीत स्टेपनी आहे. अनेक गाड्यांत आता तिच्या जागी सीलंटची (टायरचं भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. सीलंटला मुदत असते, बाटलीवर बघा. ते फक्त टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथल्या लहान भोकाला चालतं. बाजूची भिंत फाटली तर सीलंटही नाही आणि पंक्चरची वातही (भोकात ठासायची चिकट दोरी) नाही, टोचन करूनच न्यावी लागते. सीलंट घातलं असेल तर पंक्चरवाल्याला आधीच सांगा, नाहीतर टायर उघडताच त्याच्या अंगावर सगळा राडा होतो.

बारीक स्टेपनीत हवा साधारण ४.२ बार म्हणजे ६० पीएसआय लागते, नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट. ती कोणी तपासत नाही, आणि गरज पडते तेव्हा ती मऊ निघते. तिच्यावर ताशी ८० किमीची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा.

चाक बदलताना: सपाट कडक जागा, हँडब्रेक, कर्णातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडण. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक. गाडी वर उचलून नट सैल करायला गेलात तर जोर गाडी जॅकवरून ढकलायला लागतो. जॅक उंबरठ्याखालच्या खाचेतच बसवा, मऊ जमीन असेल तर खाली प्लायवुड. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी त्याच्यावर बसेल. नवीन चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळा, आणि ५० ते १०० किमीनंतर परत एकदा. ताकद साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर, नेमका आकडा पुस्तकात. गाडीबरोबर आलेला पाना आखूड असतो, सरकवून लांब होणारा घ्या.

अलॉय चाकांना चोरीविरोधी नट असेल तर तो खोलायची खास टोपी कुठे आहे ते आत्ता बघा. ती नसेल तर बाकीचं सगळं सामान शोभेचं.

पंक्चरची वात: खिळा उपसताना तो कोणत्या कोनात होता ते लक्षात ठेवा, कानस त्याच कोनात घाला. वात निम्मी-अधिक आत, सुई झटक्यात बाहेर, शेपटं ५ मिमी सोडून कापा आणि थुंकी लावून बुडबुडे बघा. वाती उष्णतेने वाळतात, त्यांचं पाकीट हवाबंदच हवं. रबर सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की संपलीच समजा, दर वेळी नवीन.

रात्रपाळी

भन्नाट माहिती. त्रिकोण किती लांब ठेवायचा?

निळा_त्रिकोण

साध्या रस्त्यावर निदान ३० मीटर, वेगाच्या रस्त्यावर १०० मीटर किंवा जास्त. ताशी १०० किमीने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, म्हणजे १०० मीटर हे साडेतीन सेकंद. ३० मीटर तर जेमतेम एक सेकंद, तेवढ्यात समोरच्याचा पाय ब्रेकवरही जात नाही. गाडीच्या मागे वळण किंवा चढाचा माथा असेल तर त्रिकोण त्याच्याही मागे ठेवा, म्हणजे येणाऱ्याला तो वळणाआधीच दिसेल.

ठेवायला जाताना जाकीट घालून, त्रिकोण उघडून छातीसमोर धरून, रस्त्याच्या अगदी कडेने चाला. हलका त्रिकोण मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने आडवा होतो, जड पायांचा घ्या. बाकी माणसं कठड्याच्या पलीकडे. गाडीच्या पुढे उभं राहू नका, मागून धडक बसली तर तीच गाडी अंगावर येते.

जिथे कडेला थांबायला जागाच नाही आणि गाड्या वेगात आहेत, तिथे त्रिकोण ठेवायला जाऊ नये. हझार्ड दिवे लावा, माणसं बाहेर काढा, फोन करा.

चहाटळ

अग्निशामक १ किलोचा पुरतो का? तो काही सेकंदांतच संपतो म्हणे.

पाना_सतरा

@चहाटळ, एक किलोचा एबीसी पावडरचा साधारण आठ-दहा सेकंद चालतो. त्याचं काम सुरुवातीची आग दाबणं आणि माणसं बाहेर काढायला वेळ मिळवणं एवढंच. दोन किलोचा चांगला, पण तो सीटखाली मावत नाही आणि मग डिकीत जातो, जिथून तो वेळेवर येत नाही. त्यामुळे मी एक किलोच्याच बाजूने आहे.

बोनेटमधून धूर येत असेल तर बोनेट सताड उघडू नका, हवा मिळताच भडका होतो. आतली कळ ओढून बोनेट बोटभर उचललं जाईल तेवढ्याच फटीतून मारा. पावडर कंपनाने तळाशी घट्ट बसते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी सिलिंडर उलटा करून हलवा, काटा हिरव्यात आहे ना बघा. इलेक्ट्रिक गाडीची मुख्य बॅटरी पेटली तर हा उपयोगाचा नाही, लांब व्हा.

निवडुंग

दोन किलोचा डाव्या सीटच्या पुढे उभ्या कंसात बसतो, तेव्हा एकच किलो हा नियम नको. आग एकदा विझून पुन्हा धुमसली तर हातात काही उरलेलं असावं.

पाना_सतरा

पायाला अडत नसेल तर मान्य.

हिमरेषा

बर्फात अडकण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. गाडी बर्फात रुतली आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवलं, तर धोका थंडीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा. आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, आणि बर्फ पडत राहिला तर दर वेळी पुन्हा. इंजिन तासाला दहाएक मिनिटं, वाऱ्याच्या आडोशाची काच बोटभर खाली. या वायूला वास नाही. डोकं दुखणं आणि झापड येणं ही खूण, आणि तीच थकव्याची वाटते.

चंदेरी ब्लँकेट अंगाची उष्णता परतवतं, पण ते अंगाला चिकटलं की उपयोग संपला, मधे हवेचा थर हवा. स्वेटरवर गुंडाळा. गार सीटमधून जाणारी उष्णता ते थांबवत नाही, म्हणून बुडाखाली फोमचा तुकडा. जागा असेल तर एक लोकरी ब्लँकेट दोन चंदेरींपेक्षा बरं. घडीचं फावडं धातूचंच, प्लास्टिकचं गोठलेल्या बर्फावर मोडतं.

गोफण

टोचनाबद्दल एवढंच. ओढायचा हुक बंपरमधल्या झाकणामागे आट्यांत बसतो आणि पुष्कळ गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. शेवटपर्यंत फिरवा, अर्धवट बसलेला हुक वाकतो किंवा उपटून येतो. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवून रुतलेली गाडी झटक्याने ओढू नका, गोळा तुटला तर गोळीसारखा उडतो. पट्ट्याच्या मधोमध जाड कापड किंवा पिशवी टाका, माणसं पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर.

साधा टोचनाचा पट्टा आणि ताणला जाणारा रिकव्हरी पट्टा या वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्याने झटका मारायचा नाही, दुसऱ्याने रस्त्यावरून ओढत न्यायचं नाही. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी, इंजिन किंवा मोटर जी फिरवते ती चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर आतलं नुकसान होतं.

रात्रपाळी

शेवटची शंका. फ्यूज कोणते ठेवू? आणि माझ्या कॉम्प्रेसरवर १५ अँपिअर लिहिलंय, ते सॉकेटला चालेल?

तांब्याची_तार

फ्यूजचे आकार चार-पाच प्रकारचे असतात, आधी डबीचं झाकण उघडून आपल्या गाडीत कोणते आहेत ते बघा, मग त्याच आकाराचे घ्या. रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. प्रत्येकी दोन आणि प्लास्टिकचा एक चिमटा. उडालेल्याच्या जागी मोठा घालू नका, पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते झाकणावरच्या नकाशात मिळेल. १० चा असेल तर तुमचा कॉम्प्रेसर तो उडवणार. १५ चा असला तरी काठावर आहे, सुरू होताना मोटर जास्त ओढते. अशा कॉम्प्रेसरला चिमट्यांची वायर मिळते, ती थेट बॅटरीला लावा. इंजिन चालू ठेवा, दहा मिनिटं चालवून तेवढीच विश्रांती द्या, आणि नळीचं पितळी टोक काढताना हातमोजा घाला, ते चांगलंच तापलेलं असतं.